त्या नावाचा पाचवा

माझ्या धाकट्या भावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच विचाराल, "म्हणजे ते गायक का हो?" आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाईल. मी जन्मभर तिकीट खिडकीच्या आड बसले, रांगेतल्या शहाण्या-अतिशहाण्यांना तोंड दिलं, पण हा एक प्रश्न मला अजून सहन होत नाही. नाही हो, गायक नाही. मंत्रीसुद्धा नाही. माझा भाऊ केस कापायचा.

नाव ठेवलं आमच्या वडिलांनी. त्यांना कुस्तीचं वेड, आणि त्या काळी गाजत असलेल्या एका पैलवानाचं आडनाव नेमकं आमचंच होतं. वडील म्हणाले, "अर्धं काम देवानं केलंय, उरलेलं अर्धं मी करतो." आणि पैलवानाचं नाव उचलून त्यांनी पाळण्यात टाकलं. पाळण्यातलं पोर केवढं, तर उंदराच्या पिलाएवढं. आई घाबरून म्हणाली, "अहो, नावाखाली चेंगरेल की हा!" नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! शाळेत त्याला 'काडीपैलवान' म्हणायचे. तो चिडायचा नाही, उलट दंड काढून दाखवायचा आणि स्वतःच आधी हसायचा. त्याला हसू कधी दाबताच आलं नाही. ही त्याची खोड लक्षात ठेवा.

पुढे त्याने सलून टाकलं. दोन खुर्च्या, एक लांबच लांब आरसा, कोपऱ्यात पाण्याची फवाऱ्याची बाटली, पावडरचा डबा आणि पेपरांची चळत. दाढी करून घेताना लोक पेपर वाचायचे आणि त्यातूनच एकेक नामबंधू उगवायला लागला. पैलवान तर होताच. मग त्याच नावाचा एक माणूस निवडून आला आणि मंत्री झाला. मग एक ठग निघाला, एकच घर सात जणांना विकणारा. तो फरार झाला तेव्हा पोलीस आमच्याच सलूनमध्ये येऊन उभे! खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. भाऊ म्हणाला, "साहेब, एवढा गाल पुरा करू द्या, मग बेड्या घाला." साहेबांना खरं काय ते समजायला तासभर लागला. शेवटी जाताना ते स्वतःही दाढी करून घेऊन गेले.

चौथा तो गायक. त्याचं मात्र मला मानावं लागेल, माणूस चांगला. एकदा आमच्याकडे त्याचा कार्यक्रम होता. भावाने आत निरोप धाडला की तुमच्याच नावाचा एक माणूस बाहेर उभा आहे. गायकाने त्याला आत बोलावलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही काय करता?" भाऊ म्हणाला, "तुमची वाढलेली दाढी बघतोय." गायक खो खो हसला आणि तिथल्या तिथे खुर्चीत बसून म्हणाला, "मग करा!" त्याचा फोटो आहे. आरशाच्या वर चौघांना ओळीने लावलं होतं: पैलवान, मंत्री, ठग, गायक. ठगाचा फोटो काढ म्हणून मी किती वेळा सांगितलं. तर म्हणे, "ताई, घरातला एखादा वाया गेला म्हणून त्याला भिंतीवरून काढतात का?" आणि स्वतःला तो म्हणायचा पाचवा. गल्लीतले लोकही मग तेच म्हणायला लागले. पाचव्याकडे जाऊन येतो, पाचव्याने कल्ले वर-खाली केले, असं.

त्याला एकच मुलगी, आमची चिमणी. तिच्या डोक्याला बापाशिवाय कुणाची कात्री लागलेली नाही. लहान होती तेव्हा खुर्चीच्या हातांवर फळी आडवी टाकून तो तिला वर बसवायचा आणि केस कापताना चौघांच्या गोष्टी सांगायचा. तिच्या लेखी ते चौघे काकाच होते. सगळे केस कापून झाले की ती मान मागे टाकून विचारायची, "आणि पाचवा?" तो सांगायचा, "पाचवा काय करणार? पाचवा तुझे केस कापतो."

ती कॉलेजात होती, दुसऱ्या शहरात, वसतिगृहात. तेव्हा पैलवान वारला. टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती, नुसतं नाव आणि 'यांचे निधन'. मैत्रिणीने ती वाचली आणि धावत जाऊन हिला सांगितलं. पोरीने फोन लावला तो सलूनमध्येच. मी तेव्हा तिथे बाकावर बसले होते. भावाने 'हॅलो' म्हटलं आणि पलीकडून जो आवाज आला तो मला बाकापर्यंत ऐकू आला. रडणं नव्हतं ते. जनावर अडकलं की ओरडतं तसं काहीतरी होतं. भावाच्या हातातला वस्तरा खाली पडला. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "अगं वेडे, पहिला गेला, पहिला. पाचवा इथंच आहे. पाचवा कुठं जात नाही." दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. मला म्हणाला, "ताई, तो आवाज पुन्हा ऐकायचा नाही मला."

आणि मग त्याने तो खेळ काढला. कुठल्याही नामबंधूची बातमी आली की पोरीच्या कानावर पडायच्या आत तो स्वतः फोन करायचा. एकदम गंभीर आवाजात म्हणायचा, "अगं, तुझ्या बापाची खुर्ची गेली." तिने तितक्याच गंभीरपणे विचारायचं, "कितवा?" "दुसरा." "अरेरे. मग आता बंगला सोडावा लागेल का?" ठग सापडला तेव्हा, "तुझ्या बापाला अटक झाली." "कितवा?" "तिसरा." "डबा पाठवू की तिथंच जेवतील?" जो आधी हसेल तो हरला, असा नियम. भाऊ दरवेळी हरायचा. चौथ्या वाक्याला त्याचं हसू फुसकन बाहेर. पण पोरीची भीती त्याने अशी हसवून हसवून घालवली, हे मी कबूल करते. तेव्हा मला तो निव्वळ पोरकटपणा वाटायचा आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवायचे.

चिमणी पुढे शिकली, परदेशात नोकरीला लागली. औषधं तपासायची प्रयोगशाळा होती. आत जाताना फोन कपाटात ठेवावा लागायचा आणि सुटल्यावरच हातात मिळायचा. पहिलं वर्ष पुरं झाल्याशिवाय मोठी रजा नाही. तिने तिकडे केसही कापले नाहीत. कमरेपर्यंत आले. म्हणाली, "बाबा, तुमच्या खुर्चीत बसूनच कापणार." त्याने एक कात्री नवी धार लावून, फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवली. कुणाला हात लावू देईना.

ती यायला दोन-अडीच महिने राहिले होते, तेव्हा त्याचं पोट दुखायला लागलं. आधी अपचन, मग पित्त, मग घरातले सगळे काढे. शेवटी डॉक्टरांनी भावजयीला आणि मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. डॉक्टर बसा म्हणाले की समजावं. पोटातली गाठ पसरली होती, आणि कापून काही उपयोग नव्हता. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मुलीला बोलावून घ्या."

साधी गोष्ट. मुलीला बोलावून घ्या. पण आमचा पाचवा ऐकेल तर ना! त्याने बायकोला शपथ घातली आणि माझा हात धरला. "ताई, फोनवर सांगायची ही गोष्ट आहे का? तिकडे ती एकटी. तशीच ओरडेल आणि जवळ घ्यायला कुणी नसेल. रजा मिळाली की येतेच आहे. समोर बसवून, केस कापता कापता सांगतो मी. तेवढा टिकतो की."

"आणि नाही टिकलास तर?" मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही.

"चौघं कसे टिकले? नाव टणक आहे आपलं."

"पहिला गेला."

"तो चांगला म्हातारा होऊन गेला," तो म्हणाला आणि नेहमीसारखा आधी हसला. हसताना पोट धरावं लागलं त्याला.

आणि नशीबही कसं बघा. त्याच दिवसांत गायक आजारी पडला. रोज पेपरात पहिल्या पानावर त्याची प्रकृती. ताप किती, जेवण काय घेतलं, डॉक्टर काय म्हणाले. भाऊ अंथरुणात पडून ते सगळं वाचायचा, काळजी करायचा. "माणूस चांगला गं. जबड्याखाली तीळ आहे त्याच्या, तिथं वस्तरा जपून धरावा लागतो. दवाखान्यातल्या लोकांना ठाऊक असेल का?" अरे, तुझ्या जबड्याची हाडं वर आलीत त्याचं काय!

पण त्याला ती आयतीच सोय झाली. पोरीने चेहरा दाखवा म्हटलं, की फोनचा कॅमेरा फेसाच्या पाण्यात पडून बिघडला म्हणायचा. आणि नुसत्या आवाजावर खेळ चालू. "अगं, तुझ्या बापाची तब्येत नाजूक आहे."

"कितवा?"

"चौथा."

"अरेरे. काही खातात का?"

"पेज. तीही दोन चमचे. काल उलटून पडली."

"मग गाणार कसे?"

"नाही गाणार आता," तो म्हणायचा. "झोप लागत नाही. पाठ दुखते. लेकीची आठवण काढतात, म्हणे."

पेपरात यातलं काही नव्हतं हो. गायक तर तेव्हा सूप पीत होता, परिचारिकांना सह्या देत होता. उलटी होत होती ती ह्याला. पाठ दुखत होती ती ह्याची. सगळं खरं तो तिला चौथ्याच्या नावावर सांगत होता, आणि ती पोर पलीकडे हसू दाबून उत्तरं देत होती. गंमत म्हणजे हल्ली तोच जिंकायला लागला होता. चिमणी म्हणायची, "बाबा, आजकाल तुम्ही आधी हसतच नाही. तयारी केलेली दिसतेय!" भावजय हे ऐकून स्वयंपाकघरात निघून जायची आणि नळ सोडून रडायची. मी कुठं जाऊ? मी तिथेच बसून त्याचे पाय दाबायचे.

एके दुपारी त्याने ती वेगळी ठेवलेली कात्री मागितली. हात थरथरतो का ते बघायचं होतं. पण बघणार कुणावर? मीच पुढे जाऊन बसले, पाठ करून. त्याने उशीला टेकून माझे केस कापले. मध्ये मध्ये थांबायचा, धाप लागायची. झाल्यावर मी आरशात पाहिलं तर डावी बाजू वर, उजवी खाली. "काय रे हे, उंदराने कुरतडल्यासारखं!" मी ओरडले. त्याने कात्री पुसली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्याकडे दिली. म्हणाला, "ठेव." तेव्हा मी ठरवलं, शपथ गेली खड्ड्यात, आज पोरीला सांगायचंच.

त्याच संध्याकाळी तिची सुट्टी झाल्या झाल्या मी फोन लावला. त्याचा डोळा लागलाय असं बघून खिडकीपाशी गेले. म्हटलं, "चिमणे, नीट ऐक. बाप आजारी आहे. असशील तशी निघून ये."

पलीकडून मग गंभीर आवाज आला, "कितवा?"

"अगं मस्करी नाही ही..."

"आत्या! तुलाही फितवलं का बाबांनी? आवाज काय सॉलिड लावलायस! पण तू विचारलेलं उत्तर देत नाहीयेस. कितवा?"

मी तोंड उघडलं, 'पा' म्हणाले असेन नसेन, तेवढ्यात मागून फोन ओढला गेला. जो माणूस कुशीवर वळायला दोन जणांचा आधार घ्यायचा, तो भिंत धरून उभा होता. "चौथा, चौथा!" तो फोनमध्ये म्हणाला. "आत्याला खेळात घेतलंय, पण कच्ची आहे अजून." पलीकडे पोर खळखळून हसली. त्याने फोन ठेवला आणि तिथेच खाली बसला.

मी त्याला काय काय बोलले ते विचारू नका. तुझ्या खेळाला आग लागो, म्हटलं. पोरीशी खोटं बोलतोस, लाज नाही वाटत? तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तू ऐकलंस ना, कशी हसली? एवढं हसू मला झोपताना पुरतं, ताई." मग डोळे मिटून हळूच म्हणाला, "मला काय वाटत नाही का गं, ती यावी म्हणून? दारात पाऊल वाजलं की मी बघतो." मला रडू फुटलं. त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि पुन्हा फोनला हात लावला नाही. रजा जवळ आली होती. मला वाटलं, टिकेल.

नाही टिकला. तिच्या तिकिटाला आठवडा बाकी असताना, सकाळी, चहा निवत ठेवला होता तेवढ्यात गेला. भावजय बशी घेऊन आली, तोपर्यंत. त्रास झाला नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय!

आणि त्याच सकाळी पेपरात पहिल्या पानावर हे एवढं मोठं नाव! गायक सुखरूप घरी परतले. हार घातलेला, हसरा फोटो. गल्लीतला एक जण तो पेपर नाचवत दारापर्यंत आला, "ओ पाचवे, उठा, तुमचा चौथा वाचला!" आणि उंबऱ्यातच थांबला. त्याचं तोंड बघवेना. बिचाऱ्याचा काय दोष? पण मी तो पेपर घेतला आणि टराटरा फाडला.

चिमणीला फोन लागेना. तिचा फोन कपाटात, ती आत. प्रयोगशाळेच्या नंबरावर कुणी उचललं नाही. ज्याला त्याला खबर लागली, दूधवाल्याला, घरमालकाला, समोरच्या सलूनवाल्याला, फक्त तिलाच नाही. हा समोरचा सलूनवाला म्हणजे भावाचा जन्माचा वैरी, गिऱ्हाइकांवरून दोघांची रोज तोंडातोंडी. तो आपलं सामान घेऊन आला, काही न बोलता भावाजवळ बसला आणि त्याची दाढी करून दिली. इतकी हलक्या हाताने केली की मला हुंदका आवरेना.

मी पेपरच्या कचेरीत गेले, निधनाची चार ओळींची बातमी द्यायला. तिथल्या माणसाने नाव वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, असं कसं छापू? लोक घाबरतील. आजच घरी आलेत ते. खाली कंसात 'गायक नव्हेत' असं टाकावं लागेल."

"माझा भाऊ कोण नव्हता ते कशाला छापता?" मी एवढ्या मोठ्याने बोलले की आतली माणसं बाहेर आली. "कोण होता ते छापा की!"

तो नरमला. "बरं, सांगा. कोण होते?"

खिडकीत बसून जिने लोकांची तोंडं बंद केली, तिच्याच तोंडातून शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, "लिहा. केस कापायचे. एका मुलीचे बाबा."

घरी आले. चिमणीला कळेपर्यंत त्याला हलवायचं नाही, असं ठरलं होतं. तिची सुटण्याची वेळ होईपर्यंत फोन हातात धरून बसून राहिले. भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्हीच सांगा, माझ्याच्यानं होणार नाही." वेळ झाली तशी घंटी वाजली. तिनेच केला होता.

"आत्या! किती वेळा लावलास फोन! वाचलं मी, वाचलं. चौथा घरी आला ना? बाबा नाचत असतील. त्यांनी आधी फोन करायचा, हा नियम आहे म्हणावं. आज विसरले कसे?"

"चिमणे," मी म्हटलं. "तुझा बाप गेला गं."

पलीकडून मग तोच खेळातला, दाबून धरलेला गंभीर आवाज.

"कितवा?"

"पाचवा."

ती हसली. खरंच हसली. "चूक, चूक! आत्या, तुला खेळताच येत नाही. पाचवा कुठं जात नाही, असं ठरलंय आमचं. बाबांनी सांगितलं नाही का तुला?"

मागे भावजयीने तोंडात कोंबलेला पदर सुटला आणि तिचा आवाज फोनमध्ये गेला असणार. कारण पोर हसायची थांबली. मी त्या ओरडण्याची वाट बघत होते, वसतिगृहातून आलं होतं तसल्या. ते आलं नाही. फार बारीक, लहानपणी फळीवर बसायची तेव्हाच्या आवाजात ती म्हणाली,

"आत्या, मी आधी हसले ना? मग मी हरले. बाबांना सांग मी हरले. झाला खेळ. आता फोन दे त्यांना."

"चिमणे..."

"दे ना गं फोन. मी हरले म्हटलं ना."

मी काय करणार? मी उठले, त्याच्याजवळ गेले आणि फोन त्याच्या कानाशी धरला.